निळ्या काठाची साखरदाणी

ड्रमकील, लीट्रिम
गुरुवार, १६ ऑक्टोबर २००८

प्रिय कॉन्सेप्टा,

आपलं फुकट औषधोपचाराचं कार्ड काढून घेणार आहेत. परवा अर्थसंकल्पात सांगितलं. तू डब्लिनमध्ये असतेस, तुला आधीच कळलं असणार. पण वाईट बातमी सांगायचं काम आपल्या दोघी बहिणींत पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

सात वर्षांपूर्वी हेच लोक म्हणाले होते, सत्तरी ओलांडा, डॉक्टर फुकट, गोळ्या फुकट, मिळकत किती म्हणून कुणी विचारणार नाही. आता मंदी आली, तिजोरीत खडखडाट झाला, म्हणून म्हाताऱ्यांची मिळकत तपासणार. पंधरा दिवसांपूर्वी बँकांना वाचवलं तेव्हा त्यांच्याकडे कोंबड्या किती, हे पाहायला कुणी गेलं नव्हतं.

काल गावातले सगळे सत्तरीपुढचे हॉलमध्ये जमलो. मला बोलायला सांगितलं, कारण चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसल्यामुळे मला सरकार कळतं असा गावाचा समज आहे. मी १९३८ सालची गोष्ट सांगितली. आजीच्या पेन्शनसाठी तिची मिळकत मोजायला तपासनीस आला होता ती. सात कोंबड्या बाकाच्या पेटीत कोंबल्या, वर तुला बसवलं, तुझ्या मांडीत फ्रॉकखाली आजीची निळ्या काठाची साखरदाणी दिली, आणि आजी म्हणाली, गा. तू सहा वर्षांची होतीस. तू मेरीमातेचं भजन गायलीस, सगळी कडवी, दोनदा. खाली कोंबड्या साथ करत होत्या. तपासनीस म्हणाला, पोरीचा आवाज चांगला आहे पण छातीत कफ दिसतो. आजीला पेन्शन मिळालं.

मी त्या वेळी सात वर्षांची. मागच्या चिखलात, पावसात, डुकराचं तोंड दाबून बसले होते. साखरदाणी मात्र पुढे तुला मिळाली. मी विषय काढत नाही.

तर ठरलं असं. तपासनीस येणार, आणि घरात शिरल्यावर पहिली नजर टीव्हीवर जाणार. पैसा होता तेव्हा प्रत्येकाच्या मुलाने एक एक भिंतीएवढा टीव्ही आणून लावला आहे. ते सगळे फ्रॅन्सी मॅकगोल्ड्रिककडे हलवायचे. फ्रॅन्सी एकटा जीव, नऊ जानेवारीला सत्तरीचा होतो. तोवर त्याच्याकडे कार्डही नाही, मग त्याला कोण तपासणार? आज सकाळी त्याच्या ट्रॅक्टरने नऊ टीव्ही नेले. माझा सगळ्यात लहान आहे, पण तो त्याने स्वतःच्या कोटात गुंडाळून नेला.

तुझं कसं? फोन करू नकोस, पत्र लिही. इथलं पोस्ट बंद करायचं म्हणतात. ते माझ्या आळसापायी बंद पडायला नको.

तुझी,
अट्रॅक्टा


फिब्सबरो, डब्लिन
शनिवार, १८ ऑक्टोबर

प्रिय अट्रॅक्टा,

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आणि हल्ली कोंबडं बघायलाही कुणी येत नाही. फॉर्म येतो. पोस्टाने. ज्या पोस्टाच्या खिडकीमागे तू चाळीस वर्षं बसलीस त्याच पोस्टाने. तुझ्या घरात टीव्ही आहे की हत्ती, हे त्या फॉर्मवर विचारत नाहीत. नऊ म्हाताऱ्यांनी टीव्ही उचलून चिखलातून नेले, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

माझं विचारशील तर माझं काही अडत नाही. विधवा म्हणून युजीनचं रेल्वेचं पेन्शन मला मिळतं, त्यामुळे मी त्यांच्या मर्यादेच्या वर जाते. फार वर नाही. आठवड्याला एका भाजलेल्या कोंबडीइतकी. म्हणजे माझं कार्ड जाणार हे नक्की. मी रडत बसलेले नाही. व्यवस्था केली आहे. हृदयाची ती छोटी पांढरी गोळी गुरुवारपासून एक दिवसाआड घेते. राहिलेल्या साठवते. जानेवारीत कार्ड गेलं की हाताशी साठा असेल. हृदयाला फरक कळलेला नाही. ते युजीनसारखं आहे, जेवायला उशीर झाला तरी तो बोलायचा नाही.

बुधवारी इथे म्हाताऱ्यांचा मोर्चा निघणार आहे म्हणे. मी जाणार नाही. आमच्या गल्लीतली माणसं मोर्चाला जात नाहीत. पडदा थोडा बाजूला करून बघतात.

साखरदाणी मजेत आहे. तू विषय काढला नाहीस म्हणून सांगितलं.

तुझी,
कॉन्सेप्टा


ड्रमकील
सोमवार, २० ऑक्टोबर

कॉन्सेप्टा,

प्रिय लिहिलेलं नाही हे लक्षात घे.

दोन वर्षांपूर्वी तू बसस्टॉपवर कोसळलीस. डॉक्टरने सांगितलं, ही गोळी रोज, चुकली तर पुढच्या वेळी बसस्टॉपवरून थेट दफनभूमीत. त्याने तीनदा सांगितलं आणि तू तीनदा मान डोलावलीस. मी पलंगाशी बसले होते. हृदय बोलत नाही म्हणतेस. युजीनही बोलला नाही, आणि एका मंगळवारी गेला.

अति शहाणी आहेस. पहिल्यापासून. मी टीव्ही लपवते तर तू हसतेस, आणि स्वतः काय लपवते आहेस ते बघ.

आता ऐक. एक, आजपासून रोज गोळी. दोन, चौदा गोळ्यांची पट्टी संपली की रिकामी पट्टी मला पाकिटात घालून पाठवायची. पट्टीवर वार छापलेले असतात, मी एकेक वार तपासणार. मिळकत तपासायला कुणी येवो न येवो, तुला तपासायला मी आहे. तीन, बुधवारी आमची बस मोर्चाला येते आहे. चर्चची बस, त्रेचाळीस माणसं, एकूण सत्याऐंशी चांगले गुडघे असायला हवेत पण एकोणीसच आहेत. मला गर्दीत उभं राहायला कुणीतरी लागेल. तू पडद्याआडून बघ हवं तर, पण चहाचा थर्मास घेऊन बाहेर ये आणि संसदेच्या फाटकाजवळ मला दे. तेवढ्याने तुझी गल्ली बाटणार नाही.

अट्रॅक्टा

ता. क. शहाऐंशी गुडघे. पोस्टात असते तर ही चूक झाली नसती. राग आल्यामुळे झाली.


फिब्सबरो
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

प्रिय अट्रॅक्टा,

माझा आवाज बसला आहे. शेजारीण काल विचारत होती, सर्दी का? मी म्हटलं, हो. तेवढ्यात तिने आतून वर्तमानपत्र आणलं. चौथ्या पानावर माझा फोटो आहे. टोपी तिरकी झाली आहे.

मी थर्मास द्यायला आले होते. हे मी देवासमोर शपथेवर सांगेन. तू म्हणालीस संसदेच्या फाटकाजवळ थांब. मी थांबले. मग मागून हजारो माणसं आली. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, एक बाई तर ऑक्सिजनचं नळकांडं ओढत. सगळे असे खूश, जणू कुणाचं तरी लग्न आहे आणि जेवण फुकट आहे. मला तू दिसेना. तू बुटकी. म्हणून मी कुंपणाच्या दगडी कठड्यावर चढले. नुसतं तुला बघायला.

वर गेल्यावर खालचे मला बघायला लागले. एक म्हातारा ओरडला, बोला बाई. मला बोलायला काय येतं? आयुष्यात एकदाच मी सरकारी माणसासमोर तोंड उघडलं होतं, तेच आठवलं. म्हणून गायले. कोंबड्यांवरचं भजन. दुसऱ्या ओळीला आजूबाजूच्यांनी उचललं. तिसऱ्या ओळीला रस्ता गात होता. एक कोवळा पोलीस आला आणि म्हणाला, आजी, खाली उतरा, पडाल. मी म्हटलं, तू वर ये, मग नाही पडणार. तो आला, अट्रॅक्टा. माझा कोपर धरून शेवटपर्यंत उभा राहिला. कडवी त्याला पाठ होती.

उतरल्यावर थोडी चक्कर आली. गर्दीमुळे. पण तू मला शोधलंस कसं?

आदल्या संध्याकाळीच सरकारने मर्यादा वाढवली, ते कळलं असेलच. आता ती इतकी वर आहे की माझ्यासारख्या दहा विधवा तिच्याखाली मावतील. लोक म्हणतात जिंकलो. जिंकलो तर जिंकलो. एका वर्षी दिलं, एका वर्षी काढलं, एका मंगळवारी परत दिलं. कागदावरचं आहे सगळं.

गोळी रोज घेते आहे. पट्टी संपली की पाठवेन.

तुझी,
कॉन्सेप्टा


ड्रमकील
गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्रिय कॉन्सेप्टा,

पट्टी मिळाली. चौदाही वार फुटलेले आहेत. शाबास. आरशामागे खोचून ठेवली आहे.

तुला कसं शोधलं? मी तीन रस्ते पलीकडे अडकले होते. समोर सगळ्या पाठी. मग भजन ऐकू आलं, आणि दुसऱ्या कडव्यात तू जिथे सत्तर वर्षांपूर्वी सूर सोडला होतास तिथेच सोडलास. मी आमच्या बसवाल्यांना म्हटलं, ही माझी आहे, आणि कोपरांनी वाट काढत निघाले.

आता इथलं ऐक.

टीव्ही अजून फ्रॅन्सीकडेच आहेत. मर्यादा वाढली तरी तपासनीस येऊन जाऊ दे, मग परत नेऊ, असं मी सांगितलं होतं. झालं असं की संध्याकाळी आपापला कार्यक्रम बघायला प्रत्येकजण फ्रॅन्सीकडे जायला लागला. आधी कुरकुर, मग कुणी केक आणला, कुणी पत्ते. फ्रॅन्सीने नऊही टीव्ही भिंतीला ओळीने लावले आहेत. बातम्या लागल्या की नऊ अर्थमंत्री एकदम बोलतात आणि आम्ही नऊ जणांना एकदम शिव्या देतो. पहिला टीव्ही आला तेव्हा गावातली संध्याकाळची बैठक मोडली होती. नऊ आल्यावर परत जुळली.

गेल्या आठवड्यात मंगळवारी चारच्या सुमारास मी तिथे होते. माझ्याच टीव्हीला बघायला गेले होते. दार वाजलं. दारात पिशवी आणि कागद घेतलेला माणूस. मी फ्रॅन्सीला ढकलून पुढे झाले.

तो म्हणाला, "घरात टीव्ही दिसतायत."

मी म्हटलं, "दिसतायत ना. नऊ आहेत. नऊच्या नऊ याचे. गावातल्या एकाही म्हाताऱ्याचा यातला एकही नाही. लिहून घ्या."

"नऊ?"

"त्याला आवड आहे. आम्हा बाकीच्यांकडे काही नाही. आम्ही भिंतीकडे बघतो."

त्याने फ्रॅन्सीकडे पाहिलं. "खरं?"

फ्रॅन्सी माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई म्हणतायत तर खरंच असणार."

मग तो माणूस म्हणाला की तो टीव्हीच्या लायसन्सचा आहे. एका घरात टीव्ही कितीही असले तरी लायसन्स एकच लागतं, पण ते एक तरी लागतं. फ्रॅन्सीकडे होतं का? फ्रॅन्सी म्हणाला, "आईच्या नावाचं होतं." आईला जाऊन एकतीस वर्षं झाली.

आणि कॉन्सेप्टा, सत्तरीपुढच्यांना लायसन्स फुकट असतं. आम्ही टीव्ही आपापल्या घरी ठेवले असते तर त्या माणसाला आमच्याकडून एक पैसाही मागता आला नसता. गावभर शोधून ज्याला ते लागतं असा एकच माणूस आम्ही निवडला.

मी त्याला बसवलं, चहा केला, आणि सगळं खरं सांगितलं. १९३८ पासून. तो हसला नाही, पण त्याने तिसरा स्कोन-पाव घेतला. मग फ्रॅन्सीची जन्मतारीख विचारली. नऊ जानेवारी ऐकल्यावर त्याने कागदावर लिहिलं, घरी कोणी नव्हतं, जानेवारीत नऊ तारखेला पुन्हा येणे. जाताना म्हणाला, डावीकडून चौथ्याचा रंग जरा हिरवा येतो, बघून घ्या. तो माझा आहे.

फ्रॅन्सी माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रंग दुरुस्त करून दाखवला.

पुढची पट्टी वेळेवर पाठव.

तुझी,
अट्रॅक्टा


फिब्सबरो
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय अट्रॅक्टा,

दोन पट्ट्या सोबत आहेत. एक मागे राहिली होती. अठ्ठावीस वार, एकही सुटलेला नाही. मोजून घे.

तुझं पत्र मी खाटिकाच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. रांगेतल्या बाईने विचारलं, फ्रॅन्सीचं लग्न झालंय का? मी म्हटलं, विचारते. तर विचारते आहे.

आठ डिसेंबरला तू नेहमीप्रमाणे नाताळच्या खरेदीला येशीलच. सगळा गावाकडचा देश त्या दिवशी इथे येतो आणि मोजे घेऊन परत जातो. मेरीमातेचा, म्हणजे माझ्या नावाचा सण आहे, दुपारी चहाला ये. फळांचा केक करते आहे. जिने चढताना हल्ली थोडा दम लागतो, तेव्हा खरेदीला मी येणार नाही, तू एकटी जा.

तुझी,
कॉन्सेप्टा


ड्रमकील
मंगळवार, ९ डिसेंबर

प्रिय कॉन्सेप्टा,

तू घरभर साखरदाणी शोधत असशील. माझ्याकडे आहे.

काल तू केक कापायला आत गेलीस. मी साखरदाणीचं झाकण उचललं. मी १९६१ च्या उपवासात साखर सोडली ती कायमची, हे तुला माहीत आहे, म्हणून तू ती बिनधास्त टेबलावर ठेवली होतीस. पण मी साखरेसाठी उचललं नव्हतं. आजीच्या वेळेपासून आत तळाशी एक छोटं निळं फूल आहे, साखर चमच्याने सारून ते बघते. तुझ्याकडे येते तेव्हा दर वेळी बघते. तू आत गेलीस की.

काल फूल दिसलं नाही. साखरही नव्हती. गोळ्या होत्या.

मी मोजल्या. सव्वीस. सोळा ऑक्टोबरपासून परवापर्यंत एक दिवसाआड धरलं तर बरोबर सव्वीसच होतात. म्हणजे तू एकही दिवस माझं ऐकलं नाहीस. पट्टीतून गोळी काढायची, साखरदाणीत टाकायची आणि रिकामी पट्टी मला पाठवायची. बेचाळीस वार मी आरशामागे खोचून ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले.

तेवढ्यात तुझी पावलं ऐकू आली. मी साखरदाणी मोज्यांच्या पिशवीत सरकवली. झाकण हातात राहिलं, ते दुधाच्या भांड्यावर ठेवलं. तू चहा ओतताना ते उचललंस, बाजूला ठेवलंस आणि परत दुधावर ठेवलंस. तुला काही वेगळं वाटलं नाही. तू जिन्याबद्दल बोलत होतीस. मी केकचे दोन तुकडे खाल्ले. केक चांगला होता.

सरकारने मर्यादा वाढवून दीड महिना झाला. तुझं कार्ड जात नाही. मग का?

अट्रॅक्टा


फिब्सबरो
गुरुवार, ११ डिसेंबर

अट्रॅक्टा,

चोर.

सत्तर वर्षं तुझा डोळा होता त्या साखरदाणीवर. माझ्या नावाच्या सणाला, माझ्या टेबलावरून, माझा केक खात. मोज्यांच्या पिशवीत. झाकण माझ्याकडे आहे आणि ते तुला कधीही मिळणार नाही. मी मेल्यावर ते माझ्याबरोबर पुरायला सांगणार आहे.

हे लिहून मी चहा केला. आता पुढचं लिहिते.

का म्हणून विचारतेस. युजीन गेला तेव्हा सत्तरीपुढच्यांचं कार्ड अजून निघालं नव्हतं. पेन्शन थोडं जास्त म्हणून त्याला साधं कार्डही मिळत नव्हतं. औषधं आम्ही विकत घ्यायचो. तो गेल्यावर त्याच्या पाइपच्या तंबाखूच्या डब्यात मला गोळ्या सापडल्या. चाळीस. एक दिवसाआड घेत होता. मला कळू न देता. मला वाटलं, किती जपून वागणारा माणूस. मला आजवर तसंच वाटत आलं आहे.

त्या गोळ्या मी औषधाच्या दुकानात परत न्यायला गेले. म्हटलं, कुणाला तरी उपयोगी पडतील. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, बाई, परत घेतलेली गोळी दुसऱ्याला देता येत नाही. आणि माझ्यासमोर कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. त्याने टोपली पायाने थोडी आत सरकवली. मला दिसू नये म्हणून.

मर्यादा वाढवली हे मलाही माहीत आहे. पण ज्यांनी दिलं आणि काढलं आणि दिलं, ते पुन्हा काढतील. मला शिल्लक लागते. मी सिग्नलवाल्याची बायको आहे. गाडी येणार नाही असं कुणी सांगितलं तरी आम्ही फाटक बंद ठेवतो.

कॉन्सेप्टा


ड्रमकील
शनिवार, १३ डिसेंबर

प्रिय कॉन्सेप्टा,

साठवलेल्या गोळ्यांचं शेवटी काय होतं, ते तूच लिहिलं आहेस. मी वेगळं काही सांगत नाही.

ते पुन्हा काढतील, हे तुझं खरं आहे. मीही तेच धरून चालले आहे. काढलं की आमची बस पुन्हा निघेल. गुडघे आणखी कमी झालेले असतील. मी बुटकी आहे, कठड्यावर चढू शकत नाही, आणि मला गाता येत नाही. त्या दिवशी डुकराचं तोंड दाबायला मला का पाठवलं होतं हे आजीला विचार. तेव्हा तुझी गरज आहे. सव्वीस गोळ्यांची नाही.

रिकाम्या पट्ट्या पाठवू नकोस. रिकामी पट्टी काही सांगत नाही, हे मी शिकले. त्याऐवजी रोज सकाळी नऊला गोळी घे आणि माझा फोन दोनदा वाजवून ठेव. मी उचलणार नाही, पैसे लागणार नाहीत. तू गोळी न घेताही वाजवशील, हे मला कळतं. पण मग रोज सकाळी नऊला उठून खोटं बोलावं लागेल. त्यापेक्षा गोळी सोपी आहे.

सोमवारी डॉक्टरकडे जा आणि दम लागतो ते सांग. फुकट आहे. त्यासाठीच तू कठड्यावर चढली होतीस.

साखरदाणी खिडकीत आहे. गोळ्या इथल्या औषधाच्या दुकानात दिल्या. या दुकानदारानेही टोपली सरकवली. मी म्हटलं, राहू दे, मला बघायचं आहे.

हवी असेल तर परत आणून देईन.

तुझी,
अट्रॅक्टा


फिब्सबरो
रविवार, ११ जानेवारी २००९

प्रिय अट्रॅक्टा,

कचेरीचं पत्र आलं. मर्यादेच्या खाली असाल तर काहीही करू नका, कार्ड चालू राहील, असं लिहिलं आहे. काहीही करू नका असं सरकारने मला पहिल्यांदाच लेखी कळवलं. तीनदा वाचलं आणि घड्याळामागे ठेवलं. विश्वास ठेवलेला नाही. नुसतं पत्र ठेवलं आहे.

डॉक्टर खूप रागावला. मी तीनदा मान डोलावली. त्याने चौथ्यांदा सांगितलं. या वेळी मी फक्त डोलावलेली नाही. काल वरपर्यंत जिना चढले आणि वर जाऊन आठवेना की कशासाठी आले होते. दम लागला असता तर निदान बसून आठवलं असतं.

पंधरा डिसेंबरपासून एकही सकाळ चुकलेली नाही, हे तुझ्या फोनने तुला सांगितलंच असेल. आता मला तुझ्या फोनबद्दल विचारायचं आहे. काल, दहा तारखेला, सकाळी नऊला मी वाजवला. दुसऱ्यांदा वाजायच्या आत कुणीतरी उचलला आणि म्हणाला, "घेतली का?" पुरुषाचा आवाज. मी म्हटलं, कोण? तो म्हणाला, "फ्रॅन्सी. ती अंडी उकडते आहे. लायसन्सवाला काल आला होता, म्हणाला, आता फुकट."

मी काही विचारत नाही. वाढदिवस आदल्या दिवशी होता, उशीर झाला असेल, पाऊस असेल, टीव्ही परत आणून द्यायला आला असेल. नऊच्या नऊ टीव्ही एका माणसाला पोचवायला वेळ लागतो. तो सत्तरचा आहे आणि तू सत्त्याहत्तरची, हेही मी काढत नाही. खाटिकाच्या दुकानातल्या बाईला मात्र मला काहीतरी सांगावं लागेल. एवढंच सांगते की कचेरीचं पत्र मी नीट वाचलं आहे, आणि जोडप्याची मर्यादा एकट्याच्या दुप्पट आहे.

साखरदाणी परत आणू नकोस. इथे ठेवली तर माझा हात तिकडे जाईल. तुझ्या खिडकीत बरी आहे.

सोबत झाकण पाठवते आहे. तीन वर्तमानपत्रांत गुंडाळलं आहे, चौथ्या पानाचा फोटो सगळ्यात आत. नीट बसतं का ते कळव.

तुझी,
कॉन्सेप्टा